डिंकाची चौकट

रविवारी भाजी घेऊन झाली की मी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजाराच्या कडेला जाते. तिथं एक मामा ताडपत्री अंथरून बसतात. बंद पडलेली घड्याळं, पितळी कुलपं, झाकण हरवलेले डबे, सायकलचे जुने दिवे, आणि सफरचंदाच्या दोन लाकडी खोक्यांत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. मी खोक्यापुढं बसले की आता तासभर उठत नाही, हे त्यांना माहीत झालंय. ते दोन चहा सांगतात आणि बाकीच्या गिऱ्हाइकांकडं वळतात.

रेकॉर्डी चाळताना लोक आधी गाणाऱ्याचं नाव बघतात. मग तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरतात, ओरखडे शोधतात. मीही हे सगळं करते, पण नंतर. माझी नजर आधी जाते ती कव्हरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, कारण बहुतेक दुकानदार किंमत तिथं चिकटवायचे. बँकेत कॅश काउंटरवर एकतीस वर्षं काढली, त्यामुळं आकडा असेल तिथं डोळा आपोआप जातो, हे एक कारण. दुसरं कारण घरचं आहे. ते सांगते पुढं.

कव्हरवर छापलेलं सगळं गाणाऱ्याबद्दल असतं. नाव, राग, ताल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, आणि मागच्या अंगाला बारीक टाइपात इंग्रजीतून केलेलं कौतुक. ऐकणाऱ्याबद्दल त्या अख्ख्या वस्तूवर एकच गोष्ट लिहिलेली असते, ती म्हणजे त्यानं केवढे पैसे मोजले. आणि घरी आणल्यावर लोक नेमकी तीच पहिल्यांदा नखानं खरवडून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं. परदेशातल्या संग्राहकांच्या याद्यांत तर कव्हरवर स्टिकर असणं हा दोष म्हणून नोंदलेला असतो, डाग पडला किंवा कोपरा दुमडला तर नोंदतात तसा. ज्यांना कोरी वस्तू हवी त्यांनी ती खुशाल शोधावी. माझ्या हातात जी येते ती कुणाच्या तरी घरून आलेली असते, आणि ते घर मला त्या कागदाच्या तुकड्यावर थोडंसं दिसतं.

जुनं स्टिकर म्हणजे साध्या पांढऱ्या कागदाचा चौकोन. मागच्या बाजूला डिंक. आम्ही नोटा मोजायला ठेवायचो तसल्या ओल्या स्पंजवर टेकवायचा आणि दाबायचा. वर दुकानाच्या नावाचा रबरी शिक्का, खाली शाईनं रुपये-पैसे. काहींवर ‘लोकल टॅक्सेस एक्स्ट्रा’ असा दुसरा शिक्का, वाकडा मारलेला. सोलून चिकटवायचं लेबल अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी १९३५ साली आणलं, पण माझ्याकडं आलेल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या रेकॉर्डींवर डिंकाचाच कागद जास्त आहे. दोघांचं म्हातारपण वेगवेगळं असतं. डिंकाचा कागद सुकतो, पोपडा धरतो आणि एक दिवस कव्हरमधून रेकॉर्ड काढताना आपणहून मांडीवर पडतो. सोलून लावायच्या लेबलाचा गोंद रबराचा. तो हवेनं तपकिरी होतो, कडेनं पाझरतो आणि शेजारच्या कव्हराला धरून बसतो. एकदा मामांच्या खोक्यातून मी अशीच दोन कव्हरं जोडीनं उचलली. एक भजनांचं, एक लावण्यांचं. सुटी करायला गेले असते तर दोन्ही फाटली असती, म्हणून तशीच घेतली. अजून तशीच आहेत.

गेल्या पावसाळ्यात ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, सहा रेकॉर्डी आल्या. दहा इंची, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं. त्यात लाख असते आणि दगडाची भुकटी असते, म्हणून हाताला जड लागतात आणि पडल्या की संपल्याच. यांना चित्राचं कव्हर नसायचं. तपकिरी कागदाची पिशवी, मधे गोल भोक, भोकातून लेबल दिसणार. त्या सहांतल्या एका पिशवीवर कोपऱ्यात जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘३॥।’.

“तीन हजार एकशे अकरा कसं असंल?” मामा म्हणाले. “नंबर असंल कसला तरी.”

मलाही काही सुचेना. घरी आणून आईला दाखवली. आई एक्याऐंशीची आहे. तिनं पिशवी हातभर लांब धरली आणि क्षणात म्हणाली, “पावणेचार.” तिच्या शाळेत अपूर्णांक असेच लिहायचे. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तीन आणि पाऊण, म्हणजे तीन रुपये बारा आणे. मग ती तिथंच पिशवी हातात धरून पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायला लागली. मधे एकदाही अडखळली नाही. बारापाशी, नऊवर येऊन थांबली आणि म्हणाली, “पुढं पण येतं.” मी आयुष्यभर पैसे मोजले, आणि माझ्या गावातल्या दुकानदारानं माझ्या लिपीत लिहिलेला आकडा मला वाचता आला नाही.

त्याच सहांतली आणखी एक पिशवी मला फार आवडते. तिच्यावर आधी निळ्या शाईत २-१०-० लिहिलंय, रुपये-आणे-पै. खाली वेगळ्या पेनानं, वेगळ्या दिवशी, ‘२.६२ न. पै.’ १ एप्रिल १९५७पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हिशेब सरळ बसायचा तो चार आणे, आठ आणे, बारा आण्यांना. मधल्या सगळ्यांना काहीतरी तोडजोड. दहा आण्यांचे साडेबासष्ट होतात, आणि अर्धा नवा पैसा नाण्यात नव्हता. म्हणून त्यानं बासष्ट लिहिले. त्या आठवड्यात तो दुकानदार अख्ख्या फळीवरच्या पिशव्या एकेक करून खाली काढून बसला असणार, शेजारी रूपांतराचा तक्ता घेऊन. काउंटरवर बसलेल्या माणसालाच ते काम काय असतं ते कळेल. ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४ला गेला आणि नुसते पैसे राहिले. त्यामुळं ‘न. पै.’ दिसलं की मला साल शोधावं लागत नाही. तो कागद या सात वर्षांतला.

काही स्टिकरांवर किमतीशेजारी दोन-तीन अक्षरं असतात, अर्थ न लागणारी. कापडवाल्यांकडं असायची तशी ही खुणेची भाषा. दुकानदाराला माल केवढ्याला पडला ते त्यात लिहिलेलं, म्हणजे घासाघीस करताना कुठवर खाली यायचं ते त्याला कळणार आणि गिऱ्हाइकाला कळणार नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, त्याचाच हा भाऊ.

कोल्हापुरात जुन्या रेकॉर्डी निघतात त्यातल्या बऱ्याच लाउडस्पीकरवाल्यांकडच्या असतात. गणपती, जत्रा, लग्नं, कुस्त्यांची मैदानं. पत्र्याच्या पेटीतून गावोगाव फिरलेल्या. त्यांच्यावर दुकानाच्या किमतीच्या डोक्यावर स्पीकरवाल्याचं लेबल बसलेलं असतं. लाल शाईत मोठा नंबर, खाली ‘आरती’, ‘हळद’, ‘वरात’. अंधारात, घाईत, हाताखालच्या पोरालाही सापडावी म्हणून केलेली सोय. अशा एका एलपीवर, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकडीवर, लिहिलंय, ‘मागली बाजू, ३ रे लावू नये’. मला वाटलं पिन अडकत असेल. घरी लावून बघितलं तर गाणं सुरळीत वाजलं, कुठं खरखरही नाही. शब्द ऐकले तेव्हा उलगडलं. गाणं मेलेल्या माणसाच्या आठवणीचं होतं. कधीतरी कुणाच्या तरी मांडवात ते वाजून गेलं असणार, आणि त्यानंतर त्या माणसानं ही ओळ लिहिली. मी ती बाजू लावते तेव्हा दोन गाण्यांनंतर पिन उचलते. का ते सांगता येणार नाही. त्यानं सांगितलंय म्हणून.

आणि पुराच्या रेकॉर्डी. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगा शहरात आली ती नुसती आली नाही, मुक्कामाला राहिली. त्यानंतर वर्षभर मामांच्या खोक्यात अशी कव्हरं येत होती, ज्यांच्यावर आडवी तांबूस रेघ आहे. रेघेच्या खाली कागद फुगलेला, वर धड. तबकडीला पाण्यानं काही झालेलं नसतं, साबणाच्या पाण्यानं हलक्या हातानं पुसली की वाजते. पण बाहेरचं सगळं जातं, आणि डिंकाचं स्टिकर सगळ्यात आधी जातं. एका कव्हरवर ती रेघ बरोबर किमतीच्या मधून गेलीय. रुपये वर राहिलेत, पैसे वाहून गेलेत.

आता घरचं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका सरकारी कचेरीत कारकून होते. शनिवारची अर्धी सुट्टी झाली की ते भाऊसिंगजी रोडवरच्या एका दुकानात जाऊन उभे राहायचे. दुकान आता नाही. मालक त्यांना काउंटरवर रेकॉर्ड लावून ऐकू द्यायचे, विकत घ्या म्हणायचे नाहीत. अण्णांना वेड होतं जयपूर गायकीचं. कोल्हापूरच्या माणसाला ते असावं यात नवल नाही. त्या गायकीचे मूळ गवई अल्लादियाखाँ १८९५पासून शाहू महाराज जाईपर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, याच गावात दरबारी होते. त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही रेकॉर्ड नाही. या गावानं सत्तावीस वर्षं ज्यांचं गाणं ऐकलं, त्यांचा आवाज आज कुठल्याही खोक्यात सापडणार नाही, कितीही पैसे मोजले तरी. जे मिळतं ते त्यांच्या शिष्यांचं. केसरबाई, मोगूबाई, आणि खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ-भूर्जीखाँ यांच्याकडं शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. अण्णा देवल क्लबात, म्हणजे गावातल्या गाण्याच्या संस्थेत, मैफल असली की सायकल मारत जायचे आणि रात्री उशिरा येऊन अंधारात, आम्ही झोपलोय असं समजून, गुणगुणत कपडे बदलायचे. रेकॉर्ड घेताना म्हणायचे, “मूळ विहीर बुजली, पण पाट वाहतोय न्हवं.”

वर्षाला दोन, फार तर तीन रेकॉर्डी घरात यायच्या. आल्या की आईचा पहिला प्रश्न ठरलेला. “केवढ्याला?” आणि अण्णांचं उत्तरही ठरलेलं. “जुन्या स्टॉकातली होती. जुन्या भावात दिली त्यांनी.” आणि ते कव्हर पुढं करायचे. कोपऱ्यात स्टिकर असायचं, त्यावर दुकानदाराच्या अक्षरात आकडा. मन्सूरांच्या एलपीवर २८.५०. आई आकडा बघायची, “हं” म्हणायची, आणि आत जायची. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर त्या ‘हं’ला बराच अर्थ असायचा, तेवढं आम्हा पोरांनाही कळायचं.

त्या रेकॉर्डी माझ्याकडं आहेत. चाळीसेक असतील. अण्णा १९९८ साली गेले. कव्हरं मी शेकडो वेळा हाताळलीत, पण एक गोष्ट दिसूनही कधी मनात शिरली नव्हती. २८.५०चा तो कागद छोटा आहे, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याच्या भोवती मात्र एक पिवळी, चकचकीत, बोटभर रुंदीची चौकट आहे. वाळलेल्या डिंकाची. नख फिरवलं तर लागते. आधी मला वाटायचं, डिंक जास्त लावला असेल आणि कडेनं पसरला असेल. पण पसरलेल्या डिंकाला अशा काटकोनात कडा नसतात.

दोन महिन्यांपूर्वी मामांच्या खोक्यात त्याच दुकानाचं एक कव्हर निघालं. शिक्का ओळखीचा, अक्षर ओळखीचं. ते वळण मी कुठंही ओळखीन. स्टिकर मात्र मोठं होतं, आणि त्यावर होतं ३६.००. ते एका कोपऱ्यातून उचकटलं होतं. मी बोटानं अलगद वर केलं. खाली दुसरं, छोटं, तिकिटाएवढं. त्यावर २८.५०.

मी तशीच बसून राहिले. मामांनी विचारलं, “काय वो ताई, काय झालं?” मी म्हटलं, काही नाही.

भाव वाढला की दुकानदार जुनं स्टिकर काढत बसायचे नाहीत. वरून नवीन मोठं लावायचे, खालचा आकडा झाकेल असं. अण्णांनी घेतलेली अशी रेकॉर्ड जुन्या स्टॉकातली होती हे खरंच होतं. जुन्या भावात मात्र कुणी दिली नव्हती. ते छत्तीस मोजायचे, वरचा कागद काढायचे, आणि खालचा, खऱ्याखुऱ्या दुकानदाराच्या खऱ्याखुऱ्या अक्षरातला, तसाच ठेवायचे. आकडा खोडला नाही, बदलला नाही. फक्त एक थर उचलला. साडेसात रुपये. त्यात तेव्हा आमच्याकडं जवळजवळ आठवड्याचं दूध यायचं.

घरी येऊन मी त्यांच्या सगळ्या रेकॉर्डी जमिनीवर मांडल्या. अकरा कव्हरांवर चौकट आहे. आणि अकराच्या अकरा ठिकाणी खालच्या कागदाला धक्का लागलेला नाही, कव्हरचा वरचा छापील थर निघालेला नाही. मी कितीतरी स्टिकरं काढून बघितलीत, रॉकेलनं, खोबरेल तेलानं, हेअर ड्रायरनं. दोन थरांतला वरचाच तेवढा उचलणं मला आजवर एकदाही जमलेलं नाही. ज्यांच्या हातून चहाचा कप भरलेला नेताना हमखास सांडायचा, त्या माणसानं हे कसं केलं असेल?

संध्याकाळी आईपुढं मन्सूरांची रेकॉर्ड ठेवली आणि शेजारी मामांकडचं कव्हर. तिला काही सांगितलं नाही, नुसतं स्टिकर उचलून खालचं दाखवलं. तिनं चष्मा लावला नाही. आमचं कव्हर मांडीवर घेतलं आणि त्या चौकटीवरून अंगठा फिरवला, एका कडेनं, मग दुसऱ्या.

“बंबावर धरायचे,” ती म्हणाली.

“काय?”

“बंबाच्या झाकणातून वाफ यायची न्हवं, तिच्यावर. मागच्या दारी, पहाटे. मी उठायच्या आधी. एरवी कधी उठून बंब पेटवलेला माणूस आहे का तो? ज्या दिवशी मला पाणी आयतं तापलेलं मिळायचं, त्या दिवशी समजायचं, काल शनिवारी कायतरी आणलंय आणि सायकलच्या पिशवीत लपवलंय.”

“मग तू कधी बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं?” तिनं कव्हर उलटं केलं, मागं बघितलं, परत सुलटं केलं. “साडीची किंमत मी तरी कुठं खरी सांगत होते.”

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मी रेकॉर्ड लावायला उठले. तबकडी काढली, पुसली, पिन खाली सोडणार तेवढ्यात तिनं हाक मारली.

“हिची खरी केवढी होती म्हणालीस?”

“छत्तीस.”

“छत्तीसच?” आई म्हणाली. “मी पन्नास धरून चालले होते.”